वाचकांचे प्रश्न : पंचवीस वर्षांनी तक्रार, मग पुरावा कसला?

प्रश्न : 'नॅशनल ट्रेझर' ही ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीची चार भागांची मालिका पाहिली. पॉल फिंचली या वयस्क विनोदी नटावर कित्येक वर्षांपूर्वीच्या बलात्काराचा आरोप येतो. वैद्यकीय पुरावा नसताना असा खटला खरोखर उभा राहतो का?

उत्तर : राहतो. इंग्लंड-वेल्समध्ये बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही. मालिका 2016 ची. त्याआधी 2012 मध्ये बीबीसीचा नामवंत निवेदक जिमी सॅव्हिलचे लैंगिक अत्याचार त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले आणि लंडन पोलिसांनी 'ऑपरेशन यूट्री' हा तपास सुरू केला. लेखक जॅक थॉर्नची कथा त्याच वातावरणातून आली आहे.

घटना 1 मे 2004 पूर्वीची असेल तर आजचा कायदा लागत नाही, त्या वेळचा लागतो, बहुधा 1956 चा. शिक्षेची कमाल मर्यादाही तेव्हाचीच. स्त्रीच्या विनयभंगाला 1985 पर्यंत बहुतेक प्रकरणांत फार तर 2 वर्षं होती. जुन्या खटल्यांतल्या शिक्षा किरकोळ का वाटतात, त्याचं मोठं कारण हे.

आता पुरावा. तक्रारदार बाईची साक्ष हाच पुरावा असतो. केवळ तिच्या शब्दावर दोषी ठरवणं धोक्याचं आहे, असं न्यायाधीशांनी ज्युरीला (निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांना) बजावलंच पाहिजे, हे बंधन 1994 च्या कायद्यानं काढलं. तरी पोलीस जोड शोधतातच : तेव्हा मैत्रिणीला काही सांगितलं होतं का, डॉक्टरांच्या जुन्या कागदांत नोंद आहे का, शूटिंगचं वेळापत्रक सापडतं का. घटना शूटिंगच्या व्हॅनमध्ये घडली असेल, तर बाकडं दाराच्या कुठल्या हाताला होतं, हे तिनं सांगावं आणि एखाद्या जुन्या फोटोत ते तसंच दिसावं, एवढ्यानंही साक्षीला वजन येतं.

खटला बहुतेकदा तारखेवर घसरतो. इतक्या वर्षांनी नेमका दिवस कुणाला आठवणार? म्हणून आरोपपत्रात 'अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान' असं लिहितात. तिनं भिडेपोटी एकच तारीख ठामपणे सांगितली आणि त्या दिवशी आरोपी परदेशात होता असं निघालं, की उरलेली खरी साक्षही डळमळते. दुसरी अडचण एकाहून अधिक तक्रारदारांची. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका सारखंच सांगत असतील तर ते फार बळकट असतं. पण अटकेची बातमी वाचून त्या पुढे आल्या असतील तर बचावाचा वकील म्हणणार, ऐकून सांगतायत. म्हणून तपासात प्रत्येकीला विचारावं लागतं : पहिल्यांदा कुणाला सांगितलंत, केव्हा, आणि तोवर काय वाचलं होतंत?

प्रश्न : आरोपीचं नाव गाजतं, तक्रारदारांचं गुप्त राहतं. हा भेद का?

उत्तर : 1992 च्या कायद्यानं तक्रारदाराला आयुष्यभर नावाची गुप्तता आहे, आरोपी सुटला तरीही. ती सोडायची तर तिची लेखी संमती लागते. आरोपीचं नाव आरोप दाखल झाल्यावर उघडपणे छापता येतं. त्याआधी मात्र त्याला खासगीपणाचा हक्क साधारणपणे असतो, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं. त्यामुळे आरोपाआधीच नाव छापणं आज वृत्तपत्रांना पूर्वीपेक्षा बरंच जोखमीचं आहे.

प्रश्न : ज्युरीनं फिंचलीला सोडलं. म्हणजे तो निर्दोष होता ना?

उत्तर : (मालिका पाहिली नसेल तर इथेच थांबा.) नाही. ज्युरीपुढे प्रश्न एवढाच असतो : आरोप खरा असल्याची खात्री पटली का? 'बहुधा केलं असावं' असं वाटलं तरी सोडावंच लागतं. बाराजण एकमत होईनात तर न्यायाधीश 10 विरुद्ध 2 असा निकालही स्वीकारू शकतात. शेवटी भूतकाळातलं दृश्य दाखवून मालिका आपल्याला जे कळवते, ते ज्युरीपुढे कधी आलंच नव्हतं. आमच्या मते पुन्हा पाहताना रॉबी कोल्ट्रेनच्या फिंचलीपेक्षा ज्युली वॉल्टर्सच्या मरीकडे, त्याच्या बायकोकडे, लक्ष ठेवा. तिला 'खात्री' या कायदेशीर कसोटीचं बंधन नाही, आणि निकालानंतरही तिचा हिशेब मिटलेला नसतो.