किट आधी बंद करा

प्रश्न : ताई, मी प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपला सेन्सर वापरून एक स्मार्ट प्रॉडक्ट करायचंय. तीन आठवडे झाले नुसत्या आयडियाच काढतोय. स्मार्ट डस्टबिन झालं, स्मार्ट कुंडी झाली, आपोआप लागणारा लाइट झाला, पण मॅडम दरवेळी म्हणतात हे तर दरवर्षी येतं. किटमध्ये आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक, हालचाल ओळखणारा पीआयआर, तापमान-आर्द्रतेचा डीएचटी ११, मातीच्या ओलाव्याचा सेन्सर, हलणं-थरथर टिपणारा एमपीयू ६०५० असं बरंच काही आहे. यातून नवीन काय निघेल?

उत्तर : किट उघडून मधोमध ठेवलंत आणि मग विचार करायला बसलात ना, तिथेच घोळ झाला. अल्ट्रासॉनिक हातात घेतला की डस्टबिन सुचणार, ओलाव्याचा घेतला की कुंडी, कारण आपण सगळ्यांनी त्यांची तीच उदाहरणं बघितलेली असतात. मॅडमना कंटाळा येणारच (मीही अशी प्रोजेक्टं तपासलीत, तिसऱ्या डस्टबिननंतर माणूस हताश होतो).

किट कपाटात टाका आणि दोन दिवस फक्त बघत फिरा. काय बघायचं? तर लोक कुठे उगाच हेलपाटे मारतात, कुठे "झालं का?" म्हणून ओरडून विचारतात, कुठे कुणीतरी वैतागून चिठ्ठी चिकटवलीये. चिठ्ठ्यांचे तर फोटोच काढून ठेवा, माणसाने कागद-पेन शोधून, लिहून, चिकटवण्याइतका त्रास घेतला म्हणजे तिथे खरी अडचण आहे.

उदाहरण सांगते. हॉस्टेलचं सगळ्यांसाठीचं वॉशिंग मशीन. कपडे टाकलेला माणूस तीनदा जिने चढउतार करतो आणि मशीन मोकळं व्हायची वाट बघणारा वेगळाच. मशीन उघडायचं नाही, वायरला हात लावायचा नाही, एमपीयू ६०५० बाहेरून टेपने घट्ट चिकटवला की थरथर कळते. सोपं वाटतं ना? पण मशीन मधे थांबतं, पाणी भरताना, भिजवताना, म्हणजे "हलायचं थांबलं की धुवून झालं" असं लिहिलंत तर पहिल्याच दिवशी खोटा मेसेज जाणार आणि मग कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून आधी चार-पाच पूर्ण धुण्यांचं रीडिंग नुसतं साठवा, मधला सगळ्यात लांब थांबा किती मिनिटांचा आहे ते बघा आणि त्याहून जास्त वेळ शांत राहिलं तरच "झालं" म्हणा. तुमच्या प्रोजेक्टचं अर्धं डिझाइन या एका आकड्यात आहे, डब्याच्या रंगात नाही.

दुसरं, वाचनकक्षातली जागा. पीआयआर लावून "खुर्ची रिकामी आहे का" दाखवायचं असं बहुतेकांना सुचतं आणि फसतं. पीआयआरला माणूस दिसत नाही, त्याला समोरच्या उष्णतेतला बदल कळतो, मन लावून स्थिर बसलेला वाचक त्याच्या दृष्टीने गायबच. बरं, खुर्चीखाली दाबाचा सेन्सर लावला तर त्याला बॅग आणि माणूस सारखेच. पण थांबा, बॅग ठेवून जागा अडवून ठेवणं हीच तर मूळ कटकट आहे! मग दोन्ही एकत्र वापरा : वजन आहे पण अर्धा तास काहीच हालचाल नाही, म्हणजे बहुतेक नुसती बॅग. एकेकटे दोन्ही सेन्सर कच्चे, जोडीने कामाचे. मला स्वतःला ही आयडिया मशीनपेक्षा जास्त आवडते.

आयडिया कुठलीही असो, एक प्रश्न विचारा : रीडिंग आलं, मग कोण काय वेगळं करणार? खोलीचं तापमान स्क्रीनवर दिसतं, बरं, पुढे? उत्तर नसेल तर सोडून द्या. आणि सेन्सरला जेवढं कळतं तेवढंच बोला. औषधाच्या डबीला रीड स्विच (चुंबक जवळ-लांब झाला की चालू-बंद होणारा) लावला तर झाकण उघडलं एवढंच कळतं, गोळी पोटात गेली हे नाही. "औषध घेतलं" असा मेसेज त्या माणसाच्या मुलांना पाठवाल तर ते धोक्याचं आहे, पण "आज डबी उघडली होती" एवढं दाखवणारा छोटा दिवा, आपण गोळी घेतली का नाही अशा संभ्रमात पडलेल्या माणसाला खूप उपयोगी पडेल.

सोल्डरिंगच्या (सर्किट पक्कं जोडण्याच्या) आधी तीन दिवस तुमच्यातल्या एकाने स्वतःच सेन्सर व्हायचं. मशीनपाशी बसायचं, झालं की हाताने ग्रुपवर मेसेज टाकायचा. चौथ्या दिवशी न सांगता बंद करा. कुणी "आज मेसेज का नाही?" असं विचारलं तर आयडिया पक्की, कुणालाच फरक पडला नाही तर बरं झालं, तीनच दिवस गेले.

प्रश्न : आमचं सर्किट टेबलावर मस्त चालतं पण केसमध्ये (बाहेरच्या डब्यात) घातलं की रीडिंग गंडतात. तापमान जास्त येतं आणि अल्ट्रासॉनिक सारखा तीन-चार सेंटीमीटर अंतर दाखवतो. सेन्सर खराब आहेत का?

उत्तर : बहुतेक नाहीत. डीएचटी ११ बोर्डाच्या शेजारी कोंडलात तर तो बोर्डाचीच ऊब मोजणार. त्याला वेगळ्या कप्प्यात, जाळी असलेल्या बाजूला, बोर्डाच्या खालच्या अंगाला ठेवा, गरम हवा वर जाते. तसाही त्याच्यात दोनेक अंशांचा फरक धरावाच लागतो, त्यामुळे अर्ध्या अंशावर काही ठरवायचं असेल तर तो सेन्सरच बदला. अल्ट्रासॉनिकचा आवाज सरळ रेषेत न जाता पसरत जातो आणि केसला पाडलेल्या तुमच्याच भोकाच्या कडेवर आपटून परत येत असणार, म्हणून सेन्सरचे दोन्ही गोल डोळे केसच्या पृष्ठभागाबरोबर किंवा किंचित बाहेर काढा. समोर पडदा किंवा गादी असेल तर मात्र केस कितीही सुधारा, मऊ कापड आवाज गिळतं, तिथे दुसरा सेन्सर लागेल. आणि बोर्ड ईएसपी ३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) असेल तर एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरची ५ व्होल्टची इको पिन (परत आलेल्या आवाजाचा सिग्नल देणारी) त्याला थेट जोडलेली नाही ना ते आजच बघा, ईएसपीच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, मधे दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज कमी करावं लागतं.