‘लायसन’ आता कोण देते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. आयुर्विमा आणि मेडिक्लेम या दोन्ही प्रकारच्या पॉलिसी विकण्याचे लायसन मला काढायचे आहे. त्यासाठीचे सरकारी कार्यालय कोल्हापुरात कोठे आहे? ओळखीतल्या एका गृहस्थांनी लायसन काढून देतो म्हणून पैसे मागितले आहेत, ते द्यावेत का? (एक वाचक, कागल)

उत्तर : देऊ नयेत. आपण म्हणता तसे कार्यालय कोल्हापुरात नाही आणि मुंबईतही नाही, त्यामुळे ते गृहस्थ नेमके कोठून काय काढून देणार आहेत, हे त्यांनाच विचारावे. ‘लायसन’ हा शब्द आपल्याकडे अजून सर्रास चालतो, आणि एके काळी तो खराही होता, कारण तेव्हा विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असल्याशिवाय कोणाला पॉलिसी विकता येत नसे. मात्र 1938 च्या विमा कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, त्यापाठोपाठ 2016 चे नियम आले, आणि प्रतिनिधी (एजंट) नेमण्याचे काम थेट विमा कंपन्यांकडे गेले. आता कंपनी जे नेमणूकपत्र, एजन्सी कोड आणि ओळखपत्र देते, तेच आपले लायसन होय.

त्यामुळे आधी कंपनी निवडायची, मग बाकीचे. कंपनीच्या शाखेत अर्जासोबत दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. प्रशिक्षण कंपनीच देते आणि परीक्षेसाठी नावही तीच नोंदवते. परीक्षा भारतीय विमा संस्थेची असून तिचा अभ्यासक्रम ‘आय.सी. 38’ या नावाने ओळखला जातो. एका तासात पन्नास वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे असतात, उत्तीर्ण होण्यास 35 टक्के गुण पुरतात आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पदवीधर व्यक्तीने तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. तरीही पुस्तकातील ‘विमायोग्य हितसंबंध’ (ज्याचा विमा काढायचा त्याच्या नुकसानीने आपलेही आर्थिक नुकसान होणे) आणि ‘परम सद्‌भाव’ (विम्याशी संबंधित कोणतीही गोष्ट न लपवणे) ही दोन प्रकरणे केवळ पाठ न करता समजून घ्यावीत, कारण पुढे दावा नाकारला गेल्यावर ग्राहकासमोर बसून जे समजावून सांगावे लागते, ते बहुतेक वेळा याच दोन प्रकरणांतले असते. उत्तीर्ण झाल्यावर कंपनी आपले नाव काळ्या यादीत नाही ना, आणि आपण आधीच त्याच प्रकारच्या दुसऱ्या कंपनीचे प्रतिनिधी नाही ना, हे तपासते. सर्व कागद पूर्ण असतील तर नेमणुकीचा निर्णय पंधरा दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा असते.

आता आपल्या ‘दोन्ही’विषयी. आयुर्विमा कंपन्यांच्या आरोग्य योजनांमध्ये आजार किंवा शस्त्रक्रियेपोटी ठरलेली रक्कम मिळते. दवाखान्याचे बिल भरून देणारा, आपण ज्याला मेडिक्लेम म्हणतो तो विमा, सर्वसाधारण विमा कंपन्या आणि केवळ आरोग्यविमा करणाऱ्या कंपन्या विकतात. म्हणून आपल्याला दोन एजन्सी घ्याव्या लागतील. नियमानुसार एका व्यक्तीला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण आणि एक आरोग्यविमा कंपनी अशा प्रत्येक गटातील एकेकच कंपनी घेता येते; दोन आयुर्विमा कंपन्यांचे काम एकाच वेळी करता येत नाही. प्रत्येक गटाची परीक्षाही उत्तीर्ण असावी लागते. बहुतेक नवे प्रतिनिधी आयुर्विम्यापासून सुरुवात करतात, कारण तेथे पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे असते. माझे मत थोडे वेगळे आहे. आरोग्यविम्यात कमिशनची रक्कम बेताचीच असली तरी ग्राहक दरवर्षी नूतनीकरणाला भेटतो, आणि रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरवर कॅशलेसची (बिल कंपनीने थेट दवाखान्याला देण्याची) मंजुरी अडली की फोन आपल्यालाच येतो. तो फोन उचलणाऱ्या प्रतिनिधीला त्या गल्लीत पुढे पॉलिसी मागत फिरावे लागत नाही. आपण कागलच्या असल्याने आणखी एक गोष्ट सुचवतो. औद्योगिक वसाहतीतील कामगाराला पॉलिसी सुचवण्यापूर्वी त्याला राज्य कामगार विमा योजनेचे (ईएसआय) संरक्षण आहे का, हे अवश्य विचारावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पत्नीच्या नावावर एजन्सी घेऊन काम मी केले तर चालेल का? माझे अनेक सहकारी तसे करतात. (एक शिक्षक, करवीर तालुका)

उत्तर : पत्नीने एजन्सी घेतली तर चालेल, तिचे काम आपण केलेले चालणार नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत, कुटुंबातील व्यक्तीच्या विमा एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने प्रचार करणे हा नियमभंगच मानलेला आहे, आणि जिल्हा परिषदेच्या नियमांचा रोखही तोच आहे. सहकाऱ्यांचे उदाहरण चौकशीत कामी येत नाही. पत्नी एजन्सी घेणार असतील तर आपण कार्यालयाला तसे लेखी कळवावे.

नोकरीइतकाच दुसराही धोका आहे. प्रस्ताव अर्जाबरोबर प्रतिनिधीचा अहवाल जोडलेला असतो, त्यात प्रस्तावक (विमा मागणारी व्यक्ती) किती वर्षांपासून ओळखीचा आहे आणि त्याची प्रकृती कशी दिसते, अशा प्रश्नांची उत्तरे देऊन प्रतिनिधी सही करतो. अर्ज आपण शाळेच्या कट्ट्यावर भरून घेतला आणि घरी आल्यावर सही पत्नीने केली, तर ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेही नाही त्याच्या प्रकृतीची ग्वाही त्यांनी दिली, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय नेमणूक नसताना विमा प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्यास विमा कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या पत्नीला या कामाची खरी आवड असेल तर परीक्षा त्यांनी द्यावी आणि घरोघरी त्यांनीच जावे; महिला प्रतिनिधीशी घरातील बायका आजारपणाविषयी अधिक मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मी आयुर्विमा एजंट झाले. नातेवाईक सरळ म्हणतात, ‘पहिला हप्ता तू भर, मग पॉलिसी घेतो.’ काय करावे? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : भरू नये. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार कमिशनमधून सूट देणे आणि ती घेऊन पॉलिसी काढणे, दोन्हींना मनाई असून दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. प्रतिनिधीने वसूल केलेला हप्ता कमिशन कापून न घेता, संपूर्ण, सुट्टीचे दिवस वगळून 24 तासांच्या आत कंपनीत भरावा, असेही कलम 64 व्हीबी सांगते. नातेवाइकांना कायद्याचे कलम ऐकवणे आपल्याला जड जात असेल, तर व्यवहार सांगावा : ज्याने पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरलेला नाही, तो दुसराही सहसा भरत नाही आणि पॉलिसी बंद पडते.

अशा ग्राहकांना नाही म्हणण्याची सवय लवकर लागलेली बरी, कारण पुढे याहून अवघड ठिकाणी नाही म्हणावे लागते. मी स्वतः हे काम करत असताना आजऱ्याजवळच्या एका गावात चाळिशीतल्या एका बाईंचा अर्ज भरत होतो. तंबाखूच्या रकान्याशी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘छे, कसलं व्यसन न्हाई.’ त्यांच्या पाठीमागे खिडकीत मिश्रीची डबी होती. मी तिच्याकडे बोट दाखवले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘ती व्हय? ती नुसती दाताला लावतो.’ त्या खोटे बोलत नव्हत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे त्यांच्या हिशेबातच नव्हते. मी रकान्यात ‘होय’ लिहिले, त्यामुळे हप्ता वाढेल असे सांगितले, आणि आठवड्याभरात त्यांच्या मुलाने दुसऱ्या एजंटाकडून, ‘नाही’ लिहून, पॉलिसी काढली.

कलम 45 नुसार आयुर्विमा पॉलिसीवर तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने हरकत घेता येत नाही, मात्र त्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर अर्जातील प्रत्येक रकाना तपासला जातो. आरोग्यविम्यात 2024 पासून हा काळ 60 महिन्यांचा आहे, आणि सिद्ध झालेल्या फसवणुकीला त्यानंतरही माफी नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. आजार लपवण्यापेक्षा तो लिहून थांबणे ग्राहकाच्या फायद्याचे असते. अर्ज मराठीत वाचून दाखवावा आणि ‘तंबाखू खाता का?’ एवढेच न विचारता मिश्री, गुटखा, विडी अशी एकेक नावे घ्यावीत.

प्रश्न : दहावी अनुत्तीर्ण व्यक्ती एजंट होऊ शकते का? (एक वाचक, हुपरी)

उत्तर : नाही. दहावी उत्तीर्ण आणि वय 18 पूर्ण, या दोन्ही अटी आहेत. मोजक्या सोप्या पॉलिसी विकणाऱ्या ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’साठी प्रशिक्षण पंधरा तासांचेच असते, पण दहावीची अट तेथेही आहे. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून राहिलेले विषय सोडवावेत.

प्रश्न : मी गेल्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झालो, पण घरच्या अडचणीमुळे एजन्सी घेतली नाही. ते प्रमाणपत्र आता चालेल का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : पहिल्या नेमणुकीसाठी परीक्षेचे प्रमाणपत्र बारा महिने चालते. त्यावरील तारीख पाहावी. मुदत शिल्लक असेल तर याच आठवड्यात शाखेत अर्ज द्यावा, संपली असेल तर परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.