स्कोपसकट तीन किलोंच्या आत बसणारी, कायोटीच्या शिकारीसाठीची हलकी रायफल कशी जुळवावी?

तुम्ही अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात राहता, कायोटीसाठी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला तिथला प्राणी) लहान कॅलिबरची (नळीच्या व्यासाची) बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराला हाताने खिटी ओढून भरायची रायफल जुळवायची आहे, स्कोपसकट वजन तीन किलोंच्या आत हवं आणि कॅलिबर, नळी, दस्ता काय घ्यावं, असं विचारलंय.

आधी कायद्याचं. वायोमिंगमध्ये कायोटी 'प्रिडेटरी अ‍ॅनिमल' गटात येतो, त्यामुळे त्याच्या शिकारीला परवाना लागत नाही. पण तुम्ही एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर गोम इथेच आहे. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकी संघीय कायद्याची मनाई आहे आणि त्यातून सुटण्याची नेहमीची वाट म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे कायोटीसाठी नको असलेला परवाना बंदुकीसाठी काढावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. भारतातून वाचणाऱ्यांसाठी : १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि परवान्याशिवाय बंदूक जुळवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. हे उत्तर तुमच्या कामाचं नाही.

आता वजन. तीनचा हट्ट सोडा, सव्वातीन धरा. टेकडी चढून धापा टाकत गुडघ्यावर बसलात की अडीच-पावणेतीन किलोंची रायफल प्रत्येक श्वासाला नाचते. खांद्यावर वाचलेले दोन-तीनशे ग्रॅम नेम धरताना महागात पडतात. हिशेब साधारण असा : रायफल २.६ किलो, स्कोप ३५० ग्रॅम, रिंगा ६०, पट्टा १००, चार काडतुसं ५० ग्रॅम. झाले ३.१६ किलो.

कॅलिबर .२२३ रेमिंग्टन घ्या. .२०४ रुगर सरस आहे, हे मान्य. ३२ ग्रेनची (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळी सेकंदाला ४,२०० फुटांच्या आसपास निघते, मार्ग सपाट राहतो आणि कातडं कमी फाटतं. 'हलकी गोळी वाऱ्याने उडते' हे ऐकीव शहाणपण इथे लागू होत नाही. वारा गोळीला किती ढकलेल हे तिच्या नुसत्या वजनावर ठरत नाही. वाटेत ती किती वेग गमावते, त्यावर ठरतं. २०० यार्डांवर ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात .२२३ची ५५ ग्रेनची गोळी साधारण ५ इंच सरकते, .२०४ची ३२ ग्रेनची त्याहून थोडी कमीच. तरी .२२३ का? काडतूस कुठल्याही दुकानात मिळतं, स्वस्त पडतं, म्हणून सराव होतो. .२२-२५० टाळा : दारू जास्त जाळते, पातळ नळी लवकर तापते आणि अ‍ॅक्शनही मोठी लागते.

अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा, निवडताना एक फसगत होते. बऱ्याच कंपन्या .२२३ रायफल .३०८ या मोठ्या काडतुसाच्याच मापाच्या अ‍ॅक्शनवर बांधतात. टिक्का टी-थ्री-एक्समध्ये तर सगळ्या कॅलिबरांना अ‍ॅक्शनची लांबी एकच. रायफल उत्तम, पण लहान काडतुसाचा फायदा तिथे वजनात मिळत नाही. हावा मिनी किंवा जुन्या बाजारातली सीझेड ५२७ यांच्या अ‍ॅक्शन मुळातच या काडतुसाच्या मापाच्या आहेत.

खरं वजन नळीत असतं आणि लोक ते चुकीच्या जागी कापतात. पातळ नळीचं तोंड ०.६ इंच व्यासाचं धरा. तिथे एक इंच पोलाद म्हणजे जेमतेम ३० ग्रॅम. २२ इंची नळी २० इंच केली तर ६० ग्रॅम वाचले, गेला सेकंदाला चाळीस-साठ फूट वेग. याउलट जाड 'व्हार्मिंट' (स्थिर बसून नेमबाजीसाठीच्या) नळीऐवजी तेवढ्याच लांबीची पातळ नळी घेतली तर जवळजवळ अर्धा किलो उतरतो. म्हणून २० ते २२ इंच, पातळ घडणीची नळी आणि १:९ ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा एक वेढा ९ इंचांत). त्यात ५० ग्रेनपासून ६९ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या चालतात. जुन्या १:१२ नळीत ५५च्या वर जाऊ नका.

नळी स्वतः बसवू नका. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधलं (काडतूस बसतं त्या खोबणीतलं) अंतर, 'गो' आणि 'नो-गो' या दोन मापांच्या गेजने तपासावा लागतो. तो चुकला तर केस (काडतुसाचं पितळी कवच) फाटून गॅस तुमच्या चेहऱ्याकडे येतो. हे काम गनस्मिथचं, म्हणजे बंदूक कारागिराचं. खरं सांगायचं तर कारखान्यातली हलकी रायफल घेऊन दस्ता, ट्रिगर आणि स्कोप एवढंच आपल्या मनासारखं केलं तर पैसा आणि डोकं दोन्ही वाचतं.

दस्त्यात हलकेपणापेक्षा पुढच्या भागाचा ताठपणा पाहा. प्लास्टिकचा मऊ दस्ता बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) टेकला की वाकून नळीला लागतो आणि गोळ्या बाजूला जातात. दोष मात्र काडतुसाला दिला जातो. कागदाची दुहेरी घडी नळी आणि दस्ता यांच्यामधून अ‍ॅक्शनपर्यंत सरकवून पाहा, आणि तेच दस्ता टेकवून, दाब देऊन पुन्हा करा. अडकली तर तिथला भाग घासून मोकळा करा.

स्कोप ३-९×४० पुरे. कायोटी हाकेला (सावजाचा आवाज काढून बोलावल्यावर) बहुधा ५० ते १५० यार्डांत येतो. मोठं भिंग लावलं तर त्याला स्कोपात शोधेपर्यंत तो पसार. रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, तेही टॉर्क रेंचनेच. जास्त आवळले तर स्कोपची नळी चेपते. बेसचा पुढचा स्क्रू लांब असेल तर बोल्टच्या कानाला किंवा नळीच्या आट्यांना टेकतो. बेस लावल्यावर बोल्ट जड चालू लागला तर पहिला संशय त्या स्क्रूवर घ्या.

झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडेल अशी स्कोपची जुळणी, २०० यार्डांवर करा. ५५ ग्रेनची नेहमीची गोळी तेव्हा १०० यार्डांवर दीड इंच वर, ३०० वर सात इंच खाली लागते. पातळ नळीतून तीनच गोळ्या, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या नळीची चौथी-पाचवी गोळी पाहून स्कोप फिरवत बसलात तर झिरो कधीच सापडणार नाही.

गोळी पातळ जाकिटाची, प्लास्टिक टोकाची घ्या. फुल मेटल जॅकेट आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि दगडावरून ती उसळतेही. .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ची लष्करी काडतुसं नकोत, दाब वाढतो. .३०० ब्लॅकआउट तर त्याच पिशवीत ठेवूसुद्धा नका : त्याची केस .२२३च्याच केसवरून बेतलेली, त्यामुळे काही वेळा ते चेंबरमध्ये बसतं, आणि .३०८ इंच व्यासाची गोळी .२२४ इंच गोळीच्या नळीत शिरायला गेली की रायफल फुटते.

ट्रिगर ओढायला अडीच ते तीन पाउंड जोर लागेल असा ठेवा. याहून हलका केला तर जानेवारीतल्या जाड हातमोज्यांत बोट टेकण्याआधीच बार उडतो. ट्रिगर बदलल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करा, सेफ्टी लावून आणि काढून दस्ता रबराच्या चटईवर आपटा. स्ट्रायकर (काडतुसाला ठोकणारी पिन) एकदाही सुटला तर ती रायफल भरू नका, परत गनस्मिथकडे न्या. आणि थंडीआधी बोल्टमधलं घट्ट तेल पुसून काढा. उणे वीसला ते गोठून स्ट्रायकर मंद होतो आणि काडतूस फुटतच नाही.