नाशिकमध्ये घराजवळच्या छोट्या वाचनालयाचं सभासद व्हावं, की थेट सावानाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतीच नाशिकला बदली झालीय, सिडकोत घर घेतलंय, मुलगी चौथीत आहे. कॉलनीतल्या वाचनालयात नाव घालायचं की सरळ शहरातलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’ गाठायचं? आणि सगळं फोनवर मिळत असताना त्या दोन खोल्यांच्या वाचनालयात आता उरलंय तरी काय?

आधी कॉलनीतलं. सावानाही घ्या, पण नंतर. नवीन नाशिकमधल्या, म्हणजे सिडकोतल्याच, अशा एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे जे रोज दिसतं तेच सांगतो.

आपल्याकडची बहुतेक वाचनालयं सरकारने किंवा महापालिकेने उघडलेली नसतात. परिसरातली माणसं एकत्र येऊन संस्था नोंदवतात, वर्गणी काढतात, कुणाची तरी खोली मिळवतात आणि सुरुवात करतात. कर्नाटकात, तमिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात तो नाही. शासनमान्य वाचनालयाला परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी सरकारी मदत मिळतं, तेही अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे. वर्ग ठरवताना पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती हे पाहिलं जातं. म्हणजे तुम्ही नाव घातलंत, दर आठवड्याला पुस्तक बदललंत, तर त्याची नोंद होते आणि ती नोंद वाचनालयाच्या उपयोगी पडते. तुमच्या महिन्याच्या वर्गणीत एक नवं पुस्तकही येणार नाही, पण तुमच्या येण्याजाण्याने वाचनालय चालू राहतं. मोठ्या वाचनालयाला एक सभासद कमी-जास्त झाल्याने फरक पडत नाही, आमच्यासारख्यांना पडतो.

सिडकोतल्या वाचनालयांना स्वतःची अशी एक कूळकथा आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं इथे लहान लहान घरांत राहायला आली. जळगाव, धुळे, नगर, विदर्भ, कोकण, सगळीकडची. पहिल्या पाळीवरून सुटलेला कामगार घरी जाण्याआधी पेपर चाळायला वाचनालयात टेकायचा. मग त्याची मुलं मोठी झाली आणि दोन खोल्यांत अभ्यासाला कोपरा मिळेना. अभ्यासिका आली ती या गरजेतून. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ भरलेली असते ती तीच खोली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली सकाळी दार उघडायची वाट बघत उभी असतात.

ही सगळी कथा एका जागी पाहायची असेल तर ग्रंथपालांना विनंती करून दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक लिहून ठेवलेली वही बघा. आमच्या वहीची पहिली पानं पोथ्या, चरित्रं आणि जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांनी भरलीयेत. किमतीच्या रकान्यात ठिकठिकाणी ‘भेट’ लिहिलंय, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. पुढे आयटीआयची पुस्तकं येतात, मग पाककृती, मग परीक्षांची मार्गदर्शकं, आणि अलीकडच्या पानांवर इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी चित्रांची पुस्तकं. कॉलनीत कोण राहायला आलं आणि त्यांच्या घरात काय बदललं, ते त्या रकान्यांतून कळतं. मला ती वही फार मोलाची वाटते, आणि अशा वह्या जपून स्कॅन करून ठेवायला हव्यात असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

मुलीसाठी तर जवळचंच बरं. चौथीतलं मूल एकटं चालत जाऊ शकेल इतक्या अंतरावर वाचनालय असलं की ते आपणहून जातं. शालिमारला सावानात तुम्ही तिला महिन्यातून एकदा न्याल. तिला कपाटापाशी मोकळं सोडा आणि निवड तिची तिला करू द्या. ग्रंथपालाला चार-पाच खेपांत तिची आवड कळते, आणि पुढच्या वेळी तो एखादं पुस्तक तिच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

दिवाळीच्या सुमारास आलात तर दिवाळी अंकांची योजना विचारा. एकदाच ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेत राहायचं. विकत घ्यायला गेलात तर त्या पैशांत मोजकेच अंक येतील.

आता सावाना. १८४० साली नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झालेली ही संस्था नाशिकचं वैभव आहे, यात वाद नाही. जुने ग्रंथ, हस्तलिखित पोथ्या, वस्तुसंग्रहालय, शेजारी परशुराम साईखेडकर नाट्यगृह. संदर्भासाठी काही शोधायचं असेल, एखादं पुस्तक बाजारातून केव्हाच गेलेलं असेल, तर तिथेच जा. आमच्याकडे न मिळालेल्या पुस्तकासाठी आम्हीच लोकांना तिकडे पाठवतो.

आणि तुमच्या सोसायटीजवळ वाचनालयच नसेल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम बघा. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. नाशिकमधून सुरू झालेल्या या पेट्या पार परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचल्यात.

नाव घालायला जाताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. अनामत परत मिळते, तेव्हा पावती जपून ठेवा. बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असतं, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जा. हवं असलेलं पुस्तक नसेल तर मागणी वहीत नाव लिहून या. खरेदीची यादी करताना आम्ही ती वही आधी उघडतो.