सुपारी घेणारा पोलीसच निघाला तर?

प्रश्न : परदेशातील एका बातमीवरून आमच्या घरी वाद झाला. सुपारी घ्यायला आलेला माणूस साध्या वेशातला पोलीस निघाला. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, तरी सुपारी देणाऱ्याला तुरुंगवास झाला. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की, पोलिसांनीच नाटक रचून माणसाला गुन्ह्यात ओढले. आपल्याकडे अशी कारवाई कायद्यात बसते का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या भावाचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, पण खून झाला नाही म्हणजे गुन्हाच झाला नाही, असे त्याने धरले असेल तर ते चूक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०८ खाली एक छोटे उदाहरण होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४६ मध्येही ते कायम आहे : ‘अ’ने ‘क’चा खून करण्यासाठी ‘ब’ला चिथावले, ‘ब’ने साफ नकार दिला, तरीही ‘अ’ अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्यासाठी चिथावण्याचा, दोषी ठरतो. ‘ब’च्या मनात काय होते, याला येथे महत्त्वच नाही. म्हणून ‘ब’च्या जागी गुन्हे शाखेचा हवालदार बसलेला असला, तरी विचारणाऱ्याचा गुन्हा विचारण्यातच पुरा होतो आणि पुढे काहीही घडले नाही, तरी कलम ५५ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. फौजदारी कटाचे, म्हणजे कलम ६१ चे, गणित थोडे अवघड आहे. कट म्हटला की निदान दोघांचे संगनमत आले. त्या दोघांतला एक नुसतेच सोंग करत असेल, तर बचावाचा वकील नेमके तेथे बोट ठेवतो. फोटो पुरवणारा किंवा पैसे पोहोचवणारा आणखी कोणी खरोखरच सामील असेल, तर ती अडचण उरत नाही.

मुंबई पोलिसांची जुनी वाट खबऱ्याची आहे : कुणकुण लागली की पाळत ठेवायची, सापळा लावायचा आणि हत्यारासह माणूस उचलायचा. बनावट गिऱ्हाईक पाठवण्याची पद्धतही येथे नवी नाही. अमली पदार्थांच्या कारवाईत ती वापरली जाते, आणि लाचेच्या सापळ्यात पावडर लावलेल्या नोटा घेऊन तक्रारदार स्वतःच पंचासह आत जातो. खुनाच्या सुपारीत फरक एवढाच की, नोटांवरून फार काही सिद्ध होत नाही, कारण पैसे कशासाठी दिले हे सांगायला नोट बोलत नाही. तेथे सारी भिस्त संभाषणावर असते.

आता आपल्या भावाचा खरा मुद्दा. मोहात पाडून गुन्हा करवून घेतला, एवढ्याच कारणाने आरोपी सुटावा, अशी स्वतंत्र तरतूद आपल्या फौजदारी कायद्यात नाही. तरीही १९५६ मध्ये रामजनम सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना खडे बोल सुनावले होते : माणसाची प्रवृत्ती कशीही असो, त्याच्या सहनशक्तीपलीकडचा मोह मुद्दाम त्याच्यासमोर ठेवला जाणार नाही, एवढी अपेक्षा बाळगण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून असे प्रकरण न्यायालयात टिकते की कोसळते, हे पहिला शब्द कोणी काढला यावर बरेचसे ठरते. अनुभवी अधिकारी सुपारीबाजाचे सोंग घेतो तेव्हा कमी बोलतो. नाव समोरच्याने सांगायचे, रक्कम समोरच्याने काढायची, ‘हातपाय मोडायचे की कायमचेच’ हेही त्याच्याच तोंडून यायला हवे. आणि शेवटी ‘अजून वेळ गेलेली नाही, नको असेल तर सांगा’ अशी माघारीची वाट मोकळी ठेवून त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित करायचे. रागाच्या भरात बरळणारा माणूस या वाटेने निघून जातो. खरोखर ठरवून आलेला जात नाही.

फ्लोरिडातील बॉयंटन बीच येथे २००९ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला गेला. पतीच्या खुनासाठी माणूस शोधणाऱ्या महिलेची खबर तिच्याच एका मित्राने पोलिसांना दिली, आणि सुपारीबाज बनलेल्या अधिकाऱ्याने खात्री विचारल्यावर आपली पाच हजार टक्के खात्री असल्याचे ती म्हणाली. प्रकरण येथे थांबवले असते तर बरे झाले असते. परंतु पोलिसांनी घराभोवती पट्ट्या बांधून खोटे घटनास्थळ उभारले, पती मारला गेल्याचे तिला सांगितले आणि तिचा आक्रोश दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी टिपला. पहिली शिक्षा ज्यूरीच्या निवडीतील दोषामुळे रद्द झाली. २०१६ च्या दुसऱ्या खटल्यात, कॅमेऱ्यांसाठी हा तमाशा मांडल्याचा बचाव झाला तेव्हा ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही. २०१७ मध्ये तिसऱ्यांदा खटला चालून सोळा वर्षांची शिक्षा झाली. माझ्या मते पुरावा पहिल्याच दिवशी पुरेसा होता. पोलिसांच्या हौसेने त्यात आठ वर्षे घातली.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एकाने, घराच्या वाटणीच्या भांडणातून, चुलत्याचे ‘काम करून देणारा’ कोणी आहे का, असे मला चहाच्या टपरीवर दोनदा विचारले. मी माणूस मिळाल्याचे भासवून त्याचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करू का?
– नाव न छापण्याची विनंती, लालबाग

उत्तर : करू नका. रजत प्रसाद खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, हेतू लोकहिताचा होता एवढ्यावर गुप्त चित्रीकरण करणारी खासगी व्यक्ती फौजदारी जबाबदारीतून आपोआप सुटत नाही. शिवाय आपण माणूस मिळाल्याचे सांगितलेत, तर कल्पना त्याची की आपली, हा घोळ आपणच निर्माण कराल.

आपण आजच पोलीस ठाण्यात जावे. खुनाचा इरादा कळल्यास तो कळवणे हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि आमच्या हद्दीत येत नाही म्हणून आपल्याला परत पाठवता येत नाही. पुढचे संभाषण रेकॉर्ड करायचे असल्यास ते पोलिसांच्या देखरेखीखाली व्हावे. याला मुंबईचाच दाखला आहे : शहराच्या तत्कालीन कॉरोनरविरुद्धच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या) लाचेच्या खटल्यात (मलकानी, १९७२) एका डॉक्टरने स्वखुशीने, लाचलुचपत विभागाच्या अधिकाऱ्यासमोर लावलेल्या फोनचे ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असणे आणि तिऱ्हाइताने चोरून तार जोडणे यांत फरक आहे.

आतापर्यंतचे काही आपल्या फोनमध्ये असेल, तर मूळ फाइल पुसू नका आणि ती व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका. असे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे, प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते. एका सत्र खटल्यात मी असे ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकले होते. कपबश्यांचा आवाज स्वच्छ होता, ‘उधारी’चा विषयही स्वच्छ होता, आणि ज्या एका वाक्यावर सगळे अवलंबून होते ते लोकलच्या भोंग्यात बुडाले होते. टपरीवर दोनदा झालेले बोलणे आपल्याला आठवते आहे. तारीख, वेळ आणि शब्द जसेच्या तसे आज रात्रीच कागदावर उतरवून ठेवा, आणि चुलत्यांना सावध करायचे की नाही हे पोलिसांना विचारून ठरवा.