गोचीड ताप बरा होतो, मग परत का येतो?

प्रश्न : आमच्या अडीच वर्षांच्या लॅब्रॅडॉरला (वजन २८ किलो) वर्षभरात तीनदा गोचीड ताप आला. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं की चार दिवसांत उड्या मारायला लागतो. सध्या खातोपितो, खेळतो. पण किटवरची तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. गोळ्या परत सुरू करायच्या का? – एक वाचक, परभणी

नुसती किटवर रेघ उमटली म्हणून नको. ही किट एर्लिकिया कॅनिस हा गोचीड तापाचा जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. ती आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. आज आजार आहे का, हे प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन बघून ठरतं. शंका उरलीच तर पीसीआर (रक्तात जंतू थेट शोधणारी तपासणी) करा, पण गोळ्या बंद करून किमान दोन आठवडे झाल्यावर. आधी केली तर जंतू दबलेला असतो आणि खोटा निर्धास्तपणा मिळतो.

‘चार दिवसांत उड्या’ इथेच खरी गोम आहे. हा जंतू डॉक्सीसायक्लिनला एक-दोन दिवसांत दाद देतो, कुत्रा जेवायला लागतो आणि उरलेली पाकिटं फडताळात राहतात. कोर्स २८ दिवसांचा आहे. दर किलोला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला साधारण ३०० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळांत विभागून. नेमका डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. उपाशीपोटी गोळी दिली की उलटी ठरलेली. आपल्याकडे गोळी दूध-भातात किंवा दह्यात कालवून देतात. तसं करू नका, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. भाकरीच्या तुकड्यात किंवा उकडलेल्या अंड्यात दडवून द्या आणि वर पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

तीन दिवसांत ताप हटला नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी चहासारखी झाली तर बॅबेसिया हा रक्तातला परजीवी तपासायला सांगा. तोही गोचिडातूनच येतो, पण त्यावर डॉक्सीसायक्लिन पुरत नाही. त्यातल्या बॅबेसिया गिब्सोनीला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन अशी जोडी दहा दिवस लागते.

आता घराकडे वळा. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते गोचीड थोडेच, बाकीचे भिंतीत. हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी खाली उतरून, वर चढून भेगेत दडतो. माळवदाच्या घरात दगडी भिंतीचे सांधे, तुळईच्या खाचा, दाराच्या चौकटीची मागची बाजू बॅटरी लावून बघा. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते. फवारणीने अंडी मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच. ती नेमकी चुकते आणि उन्हाळ्यात पिलावळ पुन्हा वर येते. औषध भिंतीवर मारा, कुत्र्यावर नाही; लेबलवरचं प्रमाण पाळा आणि सगळं वाळेपर्यंत कुत्रा, मांजर, लेकरं बाहेर ठेवा. पोत्याचं अंथरूण जाळून टाका.

रोज गोचीड वेचणं चांगलंच, पण पुरेसं नाही. चिकटल्यापासून तीन तासांतही गोचीड एर्लिकिया देऊ शकतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरच्या गोळ्या चावलेला गोचीड मारतात, चावणं थांबवत नाहीत. म्हणून जोडीला फ्लुमेथ्रिनचा किंवा डेल्टामेथ्रिनचा पट्टा बांधावा का, ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर गोळी घेण्याआधी तसं सांगा; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटाबद्दल तसा इशारा दिला आहे. या तापावर बाजारात लस नाही.

प्रश्न : आमच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याची नसबंदी ठरली आहे. कुत्रा धडधाकट, पण प्लेटलेट १ लाख ४० हजार आल्या. गोचीड ताप असेल का? – एक वाचक, चाकूर

असेलही, पण एवढ्यावरून नाही. दोन ते पाच लाख ही पट्टी सर्वसाधारण कुत्र्यांची. शिकारी बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये दीड लाखाच्या आसपासचे आकडे निरोगीपणातही दिसतात आणि कारवानी त्याच बांध्याचा आहे. शिवाय नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल तर मशीन गुठळी झालेल्या प्लेटलेट मोजतच नाही. काचेवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) करून डोळ्यांनी मोजायला सांगा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त घेताच ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची. हे राहिलं की आकडा फसवतो. अडलं तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

भुलीचं मात्र आधीच बोलून ठेवा. ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोन या भुलीच्या औषधाची गुंगी फार लांबते. अंगावर चरबी नाही हे त्याचं एक कारण. औषध पचवणारं यकृतातलं एक एन्झाइमही त्यांच्यात मंद असल्याचं संशोधनात दिसलं आहे. कारवानीतही तेच गृहीत धरून दुसरी भूल निवडलेली बरी. शस्त्रक्रियेनंतर, उन्हाळा असला तरी, अंगावर चादर टाका. हा सडपातळ कुत्रा टेबलावर पटकन गार पडतो.

प्रश्न : शेळ्यांना टोचतो ते आयव्हरमेक्टिन जर्मन शेफर्डच्या आठ किलोच्या पिल्लाला अर्धा मिली दिलं तर चालेल का? – एक वाचक, गेवराई

नाही. एक टक्क्याच्या बाटलीतल्या अर्ध्या मिलीत ५ मिलिग्रॅम औषध असतं. हृदयातल्या जंतासाठी कुत्र्याला महिन्यातून एकदा देतात ती मात्रा किलोला ६ मायक्रोग्रॅम. तुमचा अर्धा मिली तिच्या शंभरपट भरतो. काही जातींत औषधाला मेंदूबाहेर ठेवणारं एमडीआर१ जनुक सदोष असतं. हा दोष २००१ मध्ये कोली जातीच्या कुत्र्यांत सापडला, आणि काही जर्मन शेफर्डमध्येही आहे. एवढं करून कुत्र्याच्या गोचिडांवर हे औषध फारसं चालतही नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं असेल तर डॉक्टरांकडून वजनानुसार अफॉक्सोलॅनर घ्या.

टोचून झालंच असेल आणि बाहुल्या मोठ्या होणं, लाळ, तोल जाणं, दिसेनासं होणं यातलं काही दिसलं तर तासभरही थांबू नका. यावर खास उतारा नाही, पण सलाईन आणि शुश्रूषेवर कुत्री वाचतात, कधी त्याला आठवडे लागतात. दवाखान्यात बाटली सोबत न्या आणि किती मिली, किती वाजता टोचलं ते आधी सांगा.