टेलोमिअर तपासून शरीराचं खरं वय कळतं का? लांब करायच्या गोळ्या घ्याव्यात का?

कळत नाही, आणि घेऊ नका. टेलोमिअर म्हणजे पेशीतल्या गुणसूत्राचं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळीचं, टोक. इथेच थांबले असते, पण या एका शब्दावरून आमच्या घरात तीन वर्षं धुसफूस चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी गुणसूत्रांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून २६ वर्षं काढली. माझे थोरले दीर तिला "काचा पुसायची नोकरी" म्हणतात. त्यांनीच हौसेनं स्वतःची आणि आमच्या ह्यांची टेलोमिअर चाचणी करवून घेतली. भाऊजी तेव्हा ६२ चे, रिपोर्टात शरीराचं वय आलं ४८. हे ५६ चे, यांचं आलं ६१. भाऊजींनी आपला आकडा दिसेल त्या नातेवाइकाला ऐकवला. यांनी मात्र हाय खाल्ली. जिन्यात मध्येच थांबायला लागले, मृत्युपत्राच्या गोष्टी काढायला लागले. आदल्या आठवड्यापर्यंत या माणसाला काहीही होत नव्हतं!

"मोजलं काय त्यांनी?" मी विचारलं. भाऊजी म्हणाले, "टोकं मोजली. टोक लांब तर आयुष्य लांब. तुला एवढंही माहीत नाही?"

माझं डोकं फिरलं. कारण ती टोकं मी पाहिली आहेत. ऐन विभाजनात थांबवलेल्या पेशींचा थेंब वरून काचेवर सोडायचा, पेशी फुटतात आणि गुणसूत्रं पसरतात. टेलोमिअरलाच चिकटणारा चमकता रंग लावला की काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक टोकाला दोन दोन ठिपके. ४६ गुणसूत्रं, १८४ ठिपके. ते सारखे कधीच नसतात. एक ठसठशीत, तर शेजारचा इतका पुसट की डोळे ताणावे लागतात. पेशी अडते ती त्या पुसट टोकांपाशी. विकत मिळणाऱ्या बहुतेक चाचण्या मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींची सरासरी काढून हातात देतात.

बुटाच्या नाडीच्या टोकाचं प्लास्टिक नाडी उसवू देत नाही, तसं टेलोमिअर गुणसूत्राला जपतं, ही उपमा तुम्ही वाचली असेलच. ती मला अर्धवट वाटते. डीएनए कुठे तुटला की पेशी धावत जाऊन टोकं सांधते. मग गुणसूत्राचं मूळचं टोकही तिला तुटकंच वाटायला हवं. टेलोमिअर ते लपवतो. टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारो वेळा, शेवटचा एकेरी धागा मागे वळवून पदरासारखा आत खोचलेला, आणि वर शेल्टरिन नावाच्या प्रथिनांचा पहारा. पहारा उठला की दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून चिकटतात, पुढच्या विभाजनात दोन्हीकडून ओढली जातात आणि भलतीकडेच तुटतात. अशा चिकटलेल्या जोड्या मी कर्करोगाच्या पेशींत पाहिल्या आहेत. शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात हे तुटणं-चिकटणं पाहिलं तेव्हा डीएनएची रचनाही कुणाला माहीत नव्हती. काचा बघूनच पाहिलं, भाऊजी.

आता वयाचं. दर विभाजनात टोकाची साधारण ५० ते १०० अक्षरं गळतात, कारण नक्कल करणारी यंत्रणा अगदी शेवटपर्यंत पोचत नाही. फार आखूड झालं की पेशी विभाजन थांबवते. पेशी मोजक्याच वेळा विभागतात हे हेफ्लिक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं, त्यामागचं मोठं कारण हे. टोक पुन्हा वाढवणारं टेलोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) आपल्याकडे आहे, त्याच्या शोधात वाटा असलेल्या तिघांना २००९ चं नोबेल मिळालं. पण शरीर ते बहुतेक पेशींत बंद ठेवतं, आणि दहातले जवळपास नऊ कर्करोग तेच चालू करून घेतात. जन्मतः लांब टोकं असलेल्यांत काही कर्करोगांचा धोका उलट जास्त दिसतो. म्हणून म्हटलं, लांब करायच्या गोळ्या नकोत. प्रयोगशाळेतल्या उंदराची टोकं माणसापेक्षा कितीतरी लांब, आणि जगतो दोन-तीन वर्षं. हे भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "मी उंदीर आहे का?"

मग मी लबाडी केली. यांच्या एकाच हातातून एकाच वेळी दोन नळ्या रक्त काढून घेतलं आणि त्याच कंपनीला दोन वेगळ्या नावांनी पाठवलं. वय दोन्हींवर ५६. उत्तरं आली ५३ आणि ६४. एकाच माणसात अकरा वर्षांचं अंतर! यांचा जिना त्याच आठवड्यात सुधारला. भाऊजींनी दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, "दुसरी नळी तू हलवली असशील."

एक राहिलं. घरात अस्थिमज्जा निकामी होणं, फुप्फुसं कडक होत जाणं, विशीतच केस पांढरे होणं असं एकत्र चालत आलं असेल, तर टेलोमिअरचा खरा आजार असू शकतो. तिथे चाचणीला अर्थ आहे, पण ती वेगळ्या पद्धतीची आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून करायची. हजारो लोकांचा मिळून हिशेब केला तर आखूड टोकं आणि हृदयविकार यांचा थोडा संबंध दिसतो, तेही खरं. पण त्यावरून एकट्या माणसाचं वय निघत नाही.

आणि भाऊजी, वाचत असाल तर: ती नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावीच लागते, नाहीतर रक्त गोठतं. मी दोन्ही केल्या होत्या.